आपल्या दोन खुर्च्या

होस्टेलवर बातमी कशी फिरते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मेसचा कॉन्ट्रॅक्टर बदलणार हे आपल्या आधी मेसमधल्या मामांना माहीत असतं. फी वाढणार हे आधी टपरीवर कळतं. कॉलेज ऑटोनॉमस झालं तर जुन्या के.टी.वाल्यांचं काय होणार, यावर तर प्रत्येक विंगची वेगळी आवृत्ती! कोणी म्हणतो "सर म्हणाले", कोणी म्हणतो "ऑफिसमधून पक्की खबर आहे". मग एके दिवशी नोटीस लागते. 'सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की...' आणि खाली एक सही. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, दुसरा काही पर्याय होता का, याचा थांगपत्ता नाही.

दुसऱ्या कॉलेजातल्या मित्रांना विचारा, सगळीकडे हीच रड. त्यामुळे हा लेख कोणा एका माणसावर नाही. प्राचार्यांवर नाही, रेक्टर सरांवर तर मुळीच नाही; त्यांनाही अनेकदा नोटीस आपल्याबरोबरच कळते. म्हणणं एवढंच आहे की कॉलेजचा कारभार ज्या खोलीत ठरतो, त्या खोलीत कायद्याने विद्यार्थ्यांसाठी दोन खुर्च्या ठेवल्या आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्या खोलीचं नावही माहीत नाही.

नाव आहे महाविद्यालय विकास समिती, ऑफिसच्या भाषेत सी.डी.सी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात ही समिती असावीच लागते, कॉलेज स्वायत्त असलं तरी. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी, संस्थेचे सचिव, एक विभागप्रमुख, प्राध्यापकांनी निवडून दिलेले तीन प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक निवडून आलेला प्रतिनिधी, बाहेरचे चार स्थानिक सदस्य (त्यात निदान एक माजी विद्यार्थी), आय.क्यू.ए.सी.चे समन्वयक, आणि सदस्य-सचिव म्हणून स्वतः प्राचार्य. आणि हो, विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष व सचिव! या त्या दोन खुर्च्या.

ही समिती काय करते? नुसता चहा-बिस्किटांचा कार्यक्रम नव्हे. कॉलेजचा विकास आराखडा, वर्षाचं वेळापत्रक, नवीन कोर्स सुरू करायची शिफारस, वार्षिक अंदाजपत्रक, बजेटमध्ये नसलेला नवा खर्च, विद्यार्थी-कर्मचाऱ्यांच्या कल्याणाच्या योजना, शिस्त आणि सुरक्षितता, हे सगळं तिच्यापुढे यायला हवं. वर्षातून किमान चार बैठका घेणं बंधनकारक. म्हणजे एफ.ई.ला आलेला मुलगा बी.ई. होऊन बाहेर पडेपर्यंत कमीत कमी सोळा बैठका. त्यातल्या एकीचं तरी इतिवृत्त, म्हणजे आपण ज्याला मिनिट्स म्हणतो ते, तुम्ही पाहिलंय? मी तरी पाहिलेलं नाही.

खुर्च्या रिकाम्या का राहिल्या, याचाही एक इतिहास आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट निवडणुका गेल्या आणि विद्यार्थी प्रतिनिधी मार्कांवरून नेमायची पद्धत आली. वर्गात पहिला तो सी.आर. टॉपरबद्दल पूर्ण आदर आहे, पण त्याला स्वतःच्या सबमिशनमधून डोकं वर काढायला वेळ नसतो, तो आपल्या गरम पाण्यासाठी कुठे भांडणार? त्या कायद्यात कॉलेज पातळीवर स्थानिक व्यवस्थापन समिती होती, पण तिच्यात विद्यार्थ्याला जागाच नव्हती. २०१६ च्या कायद्याने निवडणूकही परत आणली आणि खुर्च्याही दिल्या. कागदावर सगळं छान. २०१९ ला निवडणुका होणार असं जाहीर झालं, पण विधानसभेची निवडणूक आली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. २०२० ला कोरोना आला. कोरोना गेला, लेक्चर्स सुरू झाली, गॅदरिंगही दणक्यात झालं, आणि पुढच्या वर्षांत निवडणुकीचं नाव निघालं की उत्तर तेच – वरून आदेश येऊ देत.

निवडणुकीच्या विरोधात बोलणाऱ्यांचं म्हणणं मला अगदीच खोटं वाटत नाही. बाहेरचे पक्ष घुसतात, गटबाजी होते, ढाब्यावर जेवणावळी उठतात, मारामाऱ्या होतात. लिंगडोह समिती त्यासाठीच नेमली होती, आणि तिच्या शिफारशी २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने लागू करायला सांगितल्या. पण समजा, निवडणूक नको. ठीक आहे. मग निवडणूक नाही म्हणून माहितीही नाही, हे कुठलं लॉजिक? बैठकीत काय ठरलं हे एका कागदावर लिहून भिंतीला लावायला कोणता आदेश यावा लागतो?

आता जरा आपल्या घराकडे बघा. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या वडिलांचा नाहीतर आजोबांचा साखर कारखान्यात शेअर आहे. सप्टेंबरच्या आसपास घरी पोस्टाने एक जाडसर पुस्तक येतं, वार्षिक अहवाल. गाळप किती, उतारा किती, कर्ज किती, नफा-तोटा किती, मागच्या सभेचं इतिवृत्त, पुढच्या सभेचे विषय. आजोबा चष्मा लावून उतारा तेवढा वाचतात आणि मग ते पुस्तक खुंटीवरच्या पिशवीत जातं. पण येतं! ज्याच्या नावावर एक शेअर आहे त्यालाही येतं. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला. १९५० ला त्याचं गाळप सुरू झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हिशोब मागायची सवय आहे.

आणि आपल्या भागातली इंजिनिअरिंग कॉलेजं तरी कुठून आली? १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी सुरू झालं. तिन्हींच्या मागे त्या त्या भागातले सहकारी कारखाने आणि ते उभे करणारी माणसं होती. म्हणजे उसाच्या पैशावर आणि उसाच्या माणसांवर शिक्षण उभं राहिलं. गंमत अशी की कारखान्याच्या सभासदाला जो अहवाल घरपोच मिळतो, तसा काही कागद त्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या हाती पडत नाही.

अर्थात वार्षिक सभा म्हणजे काही स्वर्ग नव्हे. पाच मिनिटांत सगळे विषय "मंजूर, मंजूर" म्हणून संपवलेल्या सभा आपण सगळ्यांनी ऐकल्यात. माइक बंद पडतो तो नेमका विरोधक बोलायला उठल्यावर! तरीही अहवालात आकडा छापलेला असतो, आणि छापलेल्या आकड्यावर दोन वर्षांनी का होईना कोणी बोट ठेवू शकतो. तोंडी बातमीवर बोट कुठे ठेवणार?

त्याहून चांगलं उदाहरण हवं असेल तर नगर तालुक्यातलंच आहे. हिवरे बाजारला १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने पडलेला पाऊस मोजायला सुरुवात केली. यंदा पाणी किती आलं, प्यायला किती लागेल, जनावरांना किती, शेतीला किती उरतं, हा ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. पाणी कमी असेल तर अमुक पीक घ्यायचं नाही, आणि शेतीसाठी बोअर तर पाडायचंच नाही. असे कडू निर्णय लोकांनी पाळले, ते सरपंचांच्या धाकाने नव्हे. आकडा सगळ्यांनी एकाच वेळी ऐकला होता, म्हणून पाळले. आपल्या होस्टेलवर पाण्याची वेळ अर्ध्या तासाने कमी झाली की दोन दिवस बोंबाबोंब होते. टाकीत किती पाणी येतं, टँकरला किती पैसे जातात, हे कोणी सांगितलं असतं तर निम्मी बोंब झालीच नसती.

आणि पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी तर सांगायलाच नको. अण्णा हजारे २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा कुठे राज्याचा २००२ चा माहिती अधिकार कायदा खऱ्या अर्थाने अमलात आला. देशाचा कायदा २००५ ला. त्याच्या कलम ४ मध्ये म्हटलंय की कोणी अर्ज करायची वाट न पाहता माहिती आपणहून जाहीर करा. आता विनाअनुदानित कॉलेज त्या कायद्यात बसतं की नाही यावर वकील भांडतात. भांडोत बापडे. चांगली गोष्ट करायला कायद्यात बसावंच लागतं असं थोडंच आहे?

माहिती नसली की काय होतं त्याचं एक उदाहरण देतो. ट्यूशन फी वाढली की कट्ट्यावर एकच वाक्य – "ट्रस्टींनी वाढवली." प्रत्यक्षात विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी २०१५ च्या कायद्याप्रमाणे राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं. कॉलेज आपल्या खर्चाचे हिशोब जोडून प्रस्ताव पाठवतं, प्राधिकरण तो तपासून आकडा ठरवतं. म्हणजे आपला खरा प्रश्न असायला हवा, प्रस्तावात कोणते खर्च दाखवले? लायब्ररीवर किती, लॅबवर किती? हा प्रश्न कट्ट्यावर कोणीच विचारत नाही, कारण असा प्रस्ताव जातो हेच माहीत नसतं. नुकसान दोघांचं. कॉलेजला फुकटच्या शिव्या आणि आपल्याला चुकीचा राग.

ऑटोनॉमीमुळे तर हे जास्तच महत्त्वाचं होतं. पुणे विद्यापीठ जेव्हा पॅटर्न बदलतं, २०१५ चा, २०१९ चा, २०२४ चा, तेव्हा पुणे, नाशिक आणि नगर अशा तिन्ही जिल्ह्यांत एकच सर्क्युलर जातं आणि ओरडणारेही हजारो असतात. कॉलेज स्वायत्त झालं की तेच सर्क्युलर आपल्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर तयार होतं. अभ्यासक्रम, परीक्षा, ग्रेस, सगळं. अधिकार जवळ आले तर खबरही जवळ यायला नको का?

सर-मॅडमचं यावर ठरलेलं उत्तर असतं, "तुम्ही नोटीस बोर्ड वाचता तरी का?" खरं आहे, नाही वाचत. फीडबॅक फॉर्मही आपण लाइटच्या वेगाने भरतो, सगळीकडे एक्सलंट, की झालं. पण बोर्डवर काय असतं ते तरी बघा: हजेरी कमी असलेल्यांची यादी आणि दंडाची शेवटची तारीख. असला बोर्ड कोण हौसेने वाचेल? नॅकची टीम येणार असली की मात्र त्याच बोर्डवर समित्यांचे तक्ते, उद्दिष्टं, फोटो, सगळं झळकतं. म्हणजे लावता येतं! आणि एक प्रश्न प्राध्यापकांनाही, रागावू नका. समितीतले तीन प्रतिनिधी तुम्ही निवडून देता. बैठकीनंतर ते तुम्हाला काय सांगतात? शिक्षकेतर मंडळींचा एक प्रतिनिधी असतो, तो लॅब असिस्टंट आणि शिपाईमामांना काय सांगतो? अंधार फक्त होस्टेलवरच आहे असं वाटत नाही.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक बैठकीनंतर आठ दिवसांत एक पान. तारीख, हजर कोण होते, कोणते विषय आले, काय ठरलं, किती रुपयांचं ठरलं, आणि काय पुढे ढकललं. कोणाच्या वैयक्तिक चौकशीचा विषय असेल तर तो वगळा, कोणाची हरकत नाही. भाषा साधी मराठी, 'सूचित करण्यात येते' नको. खाली प्राचार्यांची सही, आणि विद्यार्थी प्रतिनिधी नेमलेला असेल तर त्याचीही. नेमलेला नसेल तर तिथे स्पष्ट लिहा – जागा रिक्त. आणि पुढच्या बैठकीची तारीख आधी कळवा, म्हणजे मेस कमिटीला किंवा लेडीज होस्टेलच्या मुलींना आपला विषय प्राचार्यांकडे वेळेत लेखी देता येईल.

जागाही सुचवून ठेवतो. ऑफिससमोरच्या काचेच्या कुलूपबंद बोर्डात नको, तिथे आपण फक्त हॉल तिकिटाच्या वेळी जातो. मेसमध्ये हात धुवायच्या बेसिनवर लावा. रात्री आठ ते नऊ तिथे रांग असते आणि रांगेत उभा असलेला माणूस समोर असेल ते वाचतो. सध्या तिथे गेल्या गॅदरिंगचं फाटकं पोस्टर आहे. ते काढलं की ए-फोरची चार पानं आरामात बसतात.