सामायिक निधीचा कौल

वर्गणीतून सामायिक निधी उभारून तो स्थानिक सेवाभावी संस्थांना देण्याचा जो प्रघात गणेशोत्सव मंडळांत रुजत आहे, त्याचे आम्ही स्वागत करतो. मात्र निधी कोणास द्यावयाचा, हे सर्व सभासदांच्या मतानेच ठरले पाहिजे.

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावास काचकारखाना उभा राहिला, तो असंख्य सामान्य दात्यांच्या बळावर, कोणा धनिकाच्या मर्जीवर नव्हे. आज निवड चार पदाधिकाऱ्यांच्या हाती राहिली, तर परिचितांच्याच संस्थांवर खैरात होईल आणि वस्तीतील निमूटपणे चाललेली अभ्यासिका, जिची शिफारस करावयास कोणी मातब्बर नाही, उपेक्षितच राहील.

वर्गणीसाठी घेतलेल्या धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीने निवडीतील हा पक्षपात टळत नाही. मंडळांनी सभासदांचा कौल घ्यावा, आणि जमाखर्चाचा तक्ता उत्सव संपताच दर्शनी फलकावर लावावा.