रस्त्यावरचे जनावर आणि विम्याचा कागद



पावसाळ्यात दिवेलागणीनंतर कोणत्याही डांबरी सडकेने गावाकडे या, मधोमध गुरे बसलेली दिसतातच. मोटारवाला शिव्या देतो, की गावच्या लोकांना शिस्त नाही. पण जनावराच्या बाजूने पाहिले तर त्याची अक्कल बरोबर आहे. शिवारात चिखल, गोठ्यात माश्या नि डास. सडक मात्र कोरडी, दिवसभर तापून रात्री ऊब देणारी, आणि मोकळ्या वाऱ्याने माश्या उडवून लावणारी. बसायला याहून चांगली जागा त्याला कोण दाखवणार? सडक वाहनांची आहे हे त्याला ठाऊक नसते, ते आपल्याला ठाऊक असावे लागते.

आज मी दूध, चारा बाजूला ठेवून वाहन आणि जनावर यांची टक्कर, आणि त्यानंतर विम्याच्या कागदांचे काय होते, याविषयी लिहिणार आहे. या टकरीत दोन्हीकडे आपलीच माणसे असतात. म्हैस आपली, आणि अंधारात तिच्यावर आदळणारा मोटारसायकलवरचा पोरगाही आपलाच.

परदेशात या गोष्टीचा हिशेब बारकाईने ठेवतात. अमेरिकेत हरणे आणि इतर जनावरे मोटारींवर आदळल्याचे विम्याचे दावे दर वर्षी सतरा-अठरा लाखांच्या घरात जातात. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तिकडचे धोक्याचे महिने, कारण तो हरणांचा माजाचा काळ, आणि तेव्हा नर कशालाही न बघता धावतात. वेळ बहुतेक पहाटेची नाहीतर दिवेलागणीची. त्यामुळे ऑक्टोबर आला की तिथल्या विमा कंपन्या लोकांना सावध करू लागतात. आपल्याकडे २०२२ साली अ‍ॅको या विमा कंपनीने मोठ्या शहरांतल्या आपल्या दाव्यांचा ताळा मांडला. त्यात जनावरांमुळे झालेल्या अपघातांपैकी निम्म्याहून अधिक कुत्र्यांमुळे, त्याखालोखाल गाईंमुळे आणि मग म्हशींमुळे झालेले निघाले. हा झाला शहरांचा हिशेब. खेड्यात कुत्रा आहेच, पण त्याच्या जोडीला सोडलेला गोऱ्हा, मेंढ्यांचा कळप, उसाच्या हंगामातल्या बैलगाड्या, आणि विदर्भ-मराठवाड्यात रोही नि रानडुक्कर.

असे अपघात वाढायला कारणे पुष्कळ. रस्ते रुंद नि गुळगुळीत झाले, वेग वाढला. पूर्वी घराघरातली गुरे घेऊन गावचा गुराखी गायरानात जाई. आता गुराखी मिळत नाही आणि गायरान किती उरले आहे ते तुम्ही जाणताच. ट्रॅक्टर आला तसे बैलाचे काम कमी झाले. २०१५ पासून राज्यात गाईप्रमाणेच बैल नि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. कायदा योग्य की अयोग्य हा वाद मी इथे काढत नाही. पण म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही आणि दुष्काळात त्याला चारा घालणे परवडत नाही, तेव्हा रात्री दावे सोडून देणारे लोक आहेत, हे आपण सगळे जाणतो. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात ५० लाखांवर मोकाट गुरे मोजली गेली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची मोकाट जनावरे उचलून निवाऱ्यात नेण्याचे आणि त्यासाठी गस्ती पथके नेमण्याचे आदेश दिले. पण आपल्या गावाजवळून जाणारा रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा असतो. तिथे गस्त आपणच घालायची.

आता वेगाचा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर धावते. जनावर दिसले, मेंदूने ओळखले, पायाने ब्रेक दाबला, एवढ्यात एक सेकंद जातो. मग कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर. म्हणजे सव्वाशे फुटांहून अधिक अंतर हवे. रस्ता ओला असेल तर याहूनही जास्त. समोरून ट्रकचा झोत डोळ्यांवर आला, की त्यामागची काळी म्हैस इतक्या लांबून दिसत नाही. गाईचे डोळे उजेडात चमकतात, पण तिने तोंड फिरवलेले असले की तेही नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली, त्यांत शंभरातले ४४ दुचाकीवरचे होते. जनावरावर आदळला तर चारचाकीचा पत्रा चेपतो, दुचाकीस्वाराचे डोके फुटते.

आता विम्याच्या कागदाकडे वळू. इथे लोकांचा घोटाळा फार होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

समजा, तुमची गाय रस्त्याच्या कडेने घरी येत होती, तिला जीपने उडवले, आणि जीपचा नंबर तुम्हाला मिळाला. प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो फक्त माणसांसाठी असतो असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा. कायद्याच्या नजरेत गाय ही तुमची मालमत्ता, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेची नुकसानी त्या विम्यात येते. पोलिसांत नोंद करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. २०२२ पासून या अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आहे, म्हणून उशीर झालेल्यांनीही वकिलाला विचारून पाहावे. पण मुद्दाम उशीर करू नये. चालकाची चूक मात्र दाखवावी लागते. गाय रात्री मधोमध बसली होती आणि राखणीला कोणी नव्हते, तर तुमची बाजू लंगडी पडणार.

गाडी नंबर न देता पळून गेली तर? अशा वेळी मेलेल्या माणसाच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार देण्याची सरकारी योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. जनावरासाठी तशी काही सोय नाही. तिथे उपयोगी पडतो तो फक्त तुम्ही स्वतः काढलेला जनावराचा विमा.

हा विमा बहुतेक लोक बँकेच्या कर्जापुरता काढतात, कर्ज फिटले की विसरतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात केंद्राने २०२४ साली शेतकऱ्याचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आणला, बाकीचा केंद्र आणि राज्य यांनी भरायचा. आपल्या तालुक्यात त्याची नोंदणी केव्हा होते, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवा. विमा काढताना दोन गोष्टी नीट पाहा. साध्या विम्यात जनावर मेले तरच पैसे मिळतात. टकरीत गाईचा पाय मोडला, ती जगली पण कायमची निकामी झाली, तर त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे कलम घ्यावे लागते. दुसरे म्हणजे कानातला पिवळा बिल्ला. बारा आकडे असलेला तो बिल्ला म्हणजे जनावराचे आधारकार्ड. बिल्ला नाही तर दावा नाही, हे विम्यातले जुनेच सूत्र आहे. तो पडला, झुडपात अडकून तुटला, तर त्याच आठवड्यात नवा मारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. दावे नामंजूर होतात ते बहुतेक याच एका कारणाने, किंवा वास सुटेल म्हणून घाईघाईने खड्डा खणून जनावर पुरले गेल्याने. पुरलेल्या जनावराचे शवविच्छेदन होत नाही आणि शवविच्छेदनाच्या दाखल्यावाचून कंपनी पैसे देत नाही. रात्र असली तरी १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेला कळवून ठेवा. बिल्ल्यासकट जनावराचा, रस्त्याचा आणि गाडीच्या नंबराचा फोटो काढा. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तो फक्त लग्नातच काढायचा असे नाही.

पुष्कळ गावांत असे प्रकरण जागच्या जागी मिटवतात. मोटारवाल्याकडून पाच-दहा हजार घ्यायचे आणि सोडायचे. जनावर स्वस्तातले असेल आणि रक्कम बरी असेल तर मी त्याला नावे ठेवणार नाही, कोर्टाच्या फेऱ्याही फुकट नसतात. पण दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या नि साक्षीदार घ्या. आणि गाडी अडवून चालकाला मारहाण करू नका. त्याने गाय उठत नाही, उलट आपल्यावरच गुन्हा दाखल होतो आणि खरा दावाही बुडतो.

आता याची उलटी बाजू. मोटारीने गाय मेली की तिला चार मालक निघतात. गाईमुळे माणूस मेला की एकही निघत नाही! हा खेळ आता फार दिवस चालणार नाही. बिल्ल्यावरचा नंबर सरकारी नोंदीत टाकला की मालकाचे नाव गाव पुढे येते. जनावर निष्काळजीपणाने मोकळे सोडून माणसाला इजा होईल अशी स्थिती आणली, तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जखमी माणूस दिवाणी दाव्याने भरपाई मागेल ती वेगळीच. रस्त्यावर भटकणारे ढोर कोंडवाड्यात घालण्याची तरतूद तर १८७१ च्या कायद्यापासून आहे. पुष्कळ गावांत कोंडवाड्याच्या भिंती पडल्या आणि त्यात बाभळी वाढल्या. ग्रामसभेत हा विषय काढायला काय हरकत आहे?

सगळ्यांत जड प्रकरण राहिले, ते पोराचे. मोटारसायकल म्हशीवर आदळली आणि स्वार दगावला, तर समोर दुसरे वाहनच नसते. मग दावा लावायचा कोणाच्या विम्यावर? १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. त्यावरून घरचे समजतात की पाच वर्षे सगळेच विम्यात आले. तसे नाही. थर्ड पार्टी म्हणजे तिसऱ्याचे नुकसान. स्वतःच्या गाडीची नुकसानी भरून देणारा भाग बहुधा पहिल्या वर्षापुरताच असतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही त्यात किती वर्षांचा आहे ते कागदावर पाहावे लागते. आणि या १५ लाखांना एक मोठी अट आहे. ज्याच्या नावावर गाडी, तोच चालवत असला पाहिजे, आणि त्याच्याकडे चालू परवाना हवा. आपल्याकडे गाडी असते वडिलांच्या नावावर आणि फिरवतो मुलगा. मुलगा गेला तर त्या पंधरा लाखांतला रुपयाही मिळत नाही. हे वाचून आज संध्याकाळी गाडीचे पुस्तक पेटीतून काढा. मुलगाच गाडी वापरत असेल तर ती त्याच्या नावावर करून द्या, आणि परवाना नसेल तर आधी परवाना काढायला लावा. हेल्मेटबद्दल वेगळे काय सांगू? डेअरीच्या कॅनला झाकण लावायला जो माणूस विसरत नाही, तो डोक्याला विसरतो.

दोन आधार मात्र सगळ्यांना परवडणारे आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यूला वारसांना दोन लाख मिळतात. वय १८ ते ७० हवे. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, कारण हप्ता तेव्हाच कापला जातो आणि शिल्लक नसली तर विमा गुपचूप बंद पडतो. दुसरी आपल्या खात्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. ही पूर्वी विमा कंपनीमार्फत चाले, आणि लोक कंपनीच्या त्रुटी पुरवता पुरवता थकत. २०२३ पासून ते अनुदान सरकार थेट देते. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक जण, वय १० ते ७५. मृत्यू झाल्यास दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख. हप्ता काही नाही.

पण तिथेही कागद लागतात. दुःखाच्या वेळी घरचे म्हणतात, पोराला आणखी चिरफाड नको, पोलीस नको, लवकर माती देऊ. त्यांचे मन मला कळते. तरीही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, भावकीतल्या एखाद्या शहाण्या माणसाने त्या घटकेला पुढे होऊन पोलीस पाटलाला बोलवावे, पंचनामा नि शवविच्छेदन करून घ्यावे. त्यावाचून मागे राहिलेल्या सुनेच्या नि लेकरांच्या हाती काही पडत नाही.

गोठ्यासाठी एकच काम सांगतो. चमकणारी पट्टी, जिला आपण रेडियम म्हणतो, ती सायकलच्या दुकानात मिळते. रुंद कापडी पट्ट्यावर शिवून म्हशीच्या गळ्यात बांधा, बैलाच्या शिंगांना चिकटवा, बैलगाडीच्या आणि ट्रॉलीच्या मागे लावा. मेंढपाळ बांधवांनी कळप रस्त्याने नेताना पुढे आणि मागे एकेक माणूस विजेरी घेऊन ठेवावा. पोळ्याला आपण बैलाच्या शिंगांना बेगड लावतोच, ही पट्टी बारा महिने लावायची.

सानुग्रह अनुदानाचा अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अपघातापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. सोबत सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद म्हणजे गाव नमुना सहा-क, वयाचा पुरावा, पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडावा. मृत व्यक्ती स्वतः गाडी चालवत असेल तर तिचा परवानाही. एखादा कागद मिळाला नसला तरी अर्ज अडवून ठेवू नका. आपल्या गावच्या कृषी सहायकाला सोबत घेऊन आधी अर्ज द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या आणि राहिलेला कागद मागाहून जोडा.