ताल मागे का बसावा?

वाद्यवृंदात ताल धरणारा मागे बसतो, आणि समीक्षाही त्याला बहुधा तेथेच ठेवते. लॅटिन जॅझमधील वृंदनायक टिटो पुएन्ते (१९२३–२०००) याची कारकीर्द ही उतरंड नाकारते, असे आम्हांला वाटते.

न्यूयॉर्कमध्ये पोर्तोरिकन मातापित्यांच्या पोटी जन्मलेल्या पुएन्तेने टिंबालेस, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या ढोलांची जोडी, रंगमंचाच्या अग्रभागी आणली. तेथे उभा राहून तो वाजवी आणि वृंद चालवी. याचे श्रेय केवळ ‘रक्तातल्या लयी’ला देणे हा कौतुकाच्या वेषातला अन्याय होय. दुसऱ्या महायुद्धात नौदलात सेवा केल्यावर माजी सैनिकांच्या शिक्षणसवलतीवर तो ज्युलियार्ड संगीतविद्यालयात शिकला. तो व्हायब्राफोन वाजवी, वृंदासाठी संगीतलेखनही करी. १९५८ च्या ‘डान्स मेनिया’त ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे तुटक फटकारे तालाच्या वीणेतच गुंफलेले आहेत, स्वर तेथे तालाचेच काम करतात.

त्याचे ‘ओये कोमो वा’ १९७० साली सँटानाच्या ध्वनिमुद्रणाने जगभर गेले, आणि पुष्कळांना ते सँटानाचेच वाटले. नाव गिटारचे झाले. परंतु त्या गीताचा चा-चा-चा काढून घेतला, तर उरते काय? छंदाला कवितेचा बाह्य अलंकार मानणाऱ्या समीक्षेनेही हा प्रश्न स्वतःला विचारावा.