नापास न होणारे संघ

दिवाळी अंकात भांडणाचा विषय काढू नये, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटाशी बसलेल्या माणसाला कडू ऐकवू नये, हे खरेच. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडून त्याचा थेंब जिभेला लावल्याखेरीज आपल्याकडे कित्येक घरांत फराळाला हात लावीत नाहीत. प्रस्तुत लेख त्या कारिटाच्या जागी आहे असे वाचकांनी समजावे आणि मग खुशाल चकलीकडे वळावे.

विषय कबड्डीचा आहे. संध्याकाळी दिवे लागले की आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर दूरचित्रवाणीपुढे बसून चढाई-पकडीचा थरार पाहते, हे दृश्य आता घरोघरचे झाले आहे. त्या थराराला माझा आक्षेप नाही. मला फक्त एक साधा प्रश्न विचारायचा आहे. हंगामाच्या शेवटी जो संघ सर्वांत शेवटला येतो, त्याचे पुढे काय होते?

काहीही होत नाही, हे त्याचे उत्तर आहे. पुढच्या वर्षी तो नव्या कपड्यांत पुन्हा हजर असतो.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली ८ संघांनिशी सुरू झाली. २०१७ साली संघांची संख्या १२ झाली आणि २०२५ च्या हंगामातही तेच १२ संघ मैदानात होते. मधल्या काळात तेलुगू टायटन्स हा संघ लागोपाठ ३ हंगाम तळाला राहिला. साखळीतल्या ६६ सामन्यांपैकी त्याने जिंकले अवघे ५. पुढे तो सावरला, त्याबद्दल त्याचे अभिनंदन! पण त्या तीन वर्षांत महाराष्ट्रात, हरियाणात, तमिळनाडूत जे संघ आपापल्या स्पर्धा जिंकत होते, त्यांतल्या एकालाही कोणी म्हटले नाही, ‘या, आता तुमची पाळी.’ म्हणणार तरी कसे? वर जाण्याचा दरवाजाच त्या इमारतीला ठेवलेला नाही. आत यायचे असेल तर संघाची मालकी विकत घ्यावी लागते. खेळून आत येता येत नाही.

खेळाच्या जगात याहून निराळी आणि फार जुनी एक रीत आहे. स्पर्धेच्या श्रेणी करायच्या. वरच्या श्रेणीत जे तळाला राहतील त्यांनी खाली उतरायचे आणि खालच्या श्रेणीत जे पहिले येतील त्यांनी वर चढायचे. या रीतीला आपण चढ-उतार म्हणू. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ती एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. तिथला ल्यूटन टाउन हा संघ २०१४ साली पाचव्या श्रेणीतून वर निघाला आणि २०२३ साली पहिल्या श्रेणीत पोचला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा खाली घसरला. पण एका गावाने नऊ वर्षांत आपला संघ जिना चढताना पाहिला, तो आनंद त्याच्यापासून कोण हिरावून घेणार?

हे विलायती खूळ आहे, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्याने मुंबईच्या मैदानांवर जाऊन यावे. भर पावसाळ्यात, चिखलात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ पासून तिथे चालू आहे. तिच्या श्रेणी आहेत, आणि वरच्या श्रेणीत बसायचे तर धावा काढूनच बसावे लागते. रणजी स्पर्धेतही २००२-०३ पासून वरचा आणि खालचा असे गट पडले. खालच्या ‘प्लेट’ गटातल्या राजस्थानने २०१०-११ मध्ये हैदराबादला अवघ्या २१ धावांत गुंडाळले आणि त्याच हंगामात थेट रणजी करंडक उचलला. आपल्या विदर्भाने कित्येक हंगाम खालच्याच गटात घाम गाळला. त्या विदर्भाने २०१७-१८ साली पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, आणि नंतर आणखी दोनदा जिंकला. खालच्या गटाला जर वरचा रस्ताच नसता, तर नागपूरकरांनी दिवे कशासाठी लावले असते?

मग कबड्डीत ही बंद वाड्याची रीत आली कुठून? ती अमेरिकेची आहे. तिथे बास्केटबॉल, बेसबॉल हे सारे खेळ ठरावीक मालकांच्या ठरावीक संघांत चालतात. तिथली फुटबॉलची मोठी लीग १९९६ साली सुरू झाली, तीही याच मुशीतून काढलेली. २०२५ साली सॅन दिएगोचा संघ तिच्यात तिसावा म्हणून दाखल झाला, तो ५० कोटी डॉलर मोजून. एखाद्या लहान शहराचा संघ वर्षानुवर्षे जिंकत राहिला तरी त्या लीगचे दार त्याला उघडत नाही. परंतु त्या देशातही आता माणसे कुरकुरू लागली आहेत. मोठ्या लीगच्या बाहेर असलेल्या क्लबांच्या एका संघटनेने २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या श्रेणींत चढ-उतार सुरू करण्याचा ठराव बहुमताने केला. ज्यांनी हा वाडा बांधला त्यांच्याच अंगणात भिंतीला भोक पाडण्याचे घाटत असताना आपण मात्र नव्या भिंतीला चुना लावीत बसलो आहोत!

आपल्याकडच्या फुटबॉलची कथाही लक्षात घेण्यासारखी आहे. २०१४ साली मालकांची नवी लीग निघाली आणि जुन्या राष्ट्रीय लीगचे तेज उतरले. गोव्याचा धेंपो क्लब पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला. पण २०१६ साली तो आणि गोव्यातले आणखी दोन क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. याच सुमारास मिझोरामचा ऐझॉल क्लब खालच्या श्रेणीतून वर आला होता. तो घसरता घसरता सावरला आणि २०१७ साली चक्क राष्ट्रीय विजेता ठरला. पण नव्या लीगचे दार त्यालाही उघडले नाही. पुढे बरीच ओरड झाल्यावर वर चढण्याची खिडकी किलकिली झाली. २०२३ साली पंजाबचा आणि २०२४ साली कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग, असे दोन संघ जिंकून वर गेले. परंतु २०२४-२५ च्या हंगामापर्यंत वरचा एकही संघ खाली उतरवलेला नव्हता. म्हणजे चढ आला, उतार मात्र अडून राहिला.

आता आमच्या नगर जिल्ह्याकडे येतो. सरकारी दप्तरात तो अहिल्यानगर झाला आहे, तोंडात अजून नगरच बसले आहे. या जिल्ह्याने खेळाडू दिले नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. झहीर खान श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे मूळचा संगमनेर तालुक्यातला. आणि कबड्डीत अस्लम इनामदार. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले, तेव्हा पलटणचा कर्णधार हा आमच्या जिल्ह्याचा मुलगा होता. त्याच्या आधीच्या वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. ऊर भरून येतो.

पण इथेच माझे भांडण सुरू होते. लीगचे कैवारी मला हेच उदाहरण तोंडावर फेकतात. ‘पाहा, खेड्यातला मुलगा वर गेला की नाही? मग दार बंद आहे असे कसे म्हणता?’ अहो, मुलगा वर गेला. गाव जागच्या जागीच राहिले! खेळाडू एकटा लिलावात निवडला जातो. ज्या मंडळाच्या तांबड्या मातीत तो पहिल्यांदा आपटला, ज्या सवंगड्यांनी त्याचे पाय धरून त्याला पकड शिकवली, त्या मंडळाला वर जाण्याची शिडी नाही. कल्पना करा, उद्या नगर जिल्ह्याच्या संघाने राज्य अजिंक्यपद जिंकले, परवा जिंकले, लागोपाठ दहा वर्षे जिंकले. अकराव्या वर्षी तो कुठे असेल? जिथे पहिल्या वर्षी होता तिथेच. त्याचे उत्तम चार गडी तेवढे उचलून नेलेले असतील.

नगरकराला ही गोष्ट उसाच्या भाषेत सांगितली की लगेच कळते. एके काळी ऊस आमचा होता आणि कारखाना दुसऱ्याचा होता. चांगला ऊस गाडीत भरून जायचा, साखर आणि तिचा नफा कारखानदाराच्या घरी. तेव्हा प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांची साथ घेऊन १९५० साली शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. ऊस पिकवणाऱ्याने साखरेचाही धनी व्हावे, एवढाच त्यातला विचार. कबड्डीत आज आपण त्याच्या उलटे चाललो आहोत. मुले आमची, मातीही आमची. वाड्याची किल्ली मात्र मालकाच्या कनवटीला.

प्रतिपक्षाचे म्हणणे मी झटकून टाकीत नाही. या लीगने कबड्डीपटूच्या ताटात भाकरी वाढली, हे खरे आहे. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडूला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले होते. २०२३ साली हाच आकडा अडीच कोटींच्या पुढे गेला. हुतूतू खेळणाऱ्या पोराला ‘नोकरी बघ’ म्हणणारे बाप आता थोडे गप्प बसतात. तो पैसा ज्या मालकांनी ओतला, ते म्हणतात की एका वाईट हंगामात आमचा संघ खाली जाणार असेल तर आम्ही कशाला ओतू? हे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. पण त्याला उत्तरही आहे. खाली जाणे म्हणजे मरणे नव्हे. उतरलेल्या संघाला प्रक्षेपणाच्या पैशातला वाटा दोन-तीन वर्षे उतरत्या प्रमाणात द्यावा. इंग्लंडात असे देतातही. दुसरी श्रेणी विभागवार भरवावी, म्हणजे लहान संघांचा प्रवासखर्च आटोक्यात राहील. वर येणाऱ्या संघाकडून प्रवेशाची थैली मागू नये. चांगले मैदान, खेळाडूंचा विमा आणि वेळेवर पगार एवढेच मागावे. वर्षाला एक संघ खाली आणि एक वर, इतकी लहान सुरुवातही पुरे.

राहिला प्रश्न हरणाऱ्याच्या दुःखाचा. मी शिक्षक आहे. नापास हा शब्द मला प्रिय नाही. दहा वर्षांच्या पोराच्या पाठीवर तो छापू नये, हेच माझे मत. पण लाखोंच्या बोलीने खेळाडू घेणारा संघ म्हणजे दहा वर्षांचे पोर नव्हे. आणि दुसरी गोष्ट : आमच्या वर्गात पहिले बाक कोणाला कायमचे विकत घेता येत नाही. तसे घेता आले असते, तर मागच्या बाकावरच्या मुलाने पाटीवर पेन्सिल तरी कशासाठी टेकवली असती?

तोच प्रश्न आज जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कबड्डी मंडळांपुढे उभा आहे. जिंकून कुठे जायचे, हे ज्याला ठाऊक नाही तो संघ काही वर्षे हौसेने खेळतो, मग सवयीने खेळतो आणि मग खेळायचे सोडतो. मैदान राहते, त्यावर मोटारी उभ्या राहू लागतात. मुले राहतात, पण ती आता संघासाठी खेळत नाहीत. बघायला आलेल्या निवडकर्त्यासाठी खेळतात. चढाई करणाऱ्याला आपल्या मागे सहा गडी उभे आहेत याचा जोर असतो. तो जोर एकदा गेला की उरतो तो नुसता कसरतीचा खेळ.

कबड्डीचे नियम मुलांनासुद्धा पाठ असतात. बाद झालेला गडी बाहेर बसतो. आपल्या संघाने गुण मिळवला की तो पुन्हा आत येतो. खाली जाणे आणि पुन्हा वर येणे हे या खेळाच्या रक्तातच आहे. जो कायदा रेषेच्या आत सात गड्यांना लागू आहे, तो रेषेबाहेरच्या बारा मालकांना लागू करा, एवढेच मागणे आहे. संध्याकाळी सामना लावाल तेव्हा घरातल्या लहानग्याला हे एकदा विचारून पाहा, की शेवटल्या संघाचे काय व्हावे. तो काय सांगेल याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती मोठ्यांबद्दल.