विश्लेषण : समुद्रावरच्या सुरक्षारक्षकाचे बुलेटप्रूफ जॅकेट कसे असावे?

मार्च २०२४ मध्ये नौदलाने ‘रुएन’ या अपहृत जहाजावरून ३५ सोमाली चाच्यांना पकडले आणि मुंबई पोलिसांच्या हवाली केले. थंडावलेली चाचेगिरी पुन्हा डोके वर काढत असल्याचे त्यातून दिसले. भारतीय व्यापारी जहाजांवर सशस्त्र रक्षक ठेवण्यास केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाने २०११ मध्येच मार्गदर्शक सूचना काढून वाट मोकळी केली. निवृत्त जवानांना ही नोकरी खुणावते. मात्र तेथे मिळणारे जॅकेट कोणते, हे रुजू होण्यापूर्वी फारसे कोणी विचारत नाही.

रायगडशी याचा संबंध काय?

खालापूर तालुक्यातल्या लोधिवलीहून समुद्र दूर असला, तरी जिल्हा किनाऱ्याचाच. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरले होते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरला ‘लेडी हान’ ही बेवारस नौका लागली, तिच्यात तीन एके-४७ रायफली होत्या. नौका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून मस्कतहून युरोपकडे जाताना इंजिन बिघडल्याने सोडून दिल्याचे पुढे स्पष्ट झाले. शिवाय कर्जतला व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडवणारी अकादमी आहे आणि घाट चढला की लोणावळ्यात आणखी आहेत. त्यामुळे या भागातल्या घरांना समुद्रावरची नोकरी परकी नाही.

जॅकेट कोणती गोळी अडवते?

चाच्यांच्या हाती बहुधा एके-४७ जातीची रायफल असते. नुसत्या कापडी थरांचे मऊ जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवते, रायफलची नाही. त्यासाठी छाती-पाठीला सिरॅमिक किंवा पॉलिथिलीनची कडक प्लेट हवी. अमेरिकी मानकातील ‘थ्री-ए’ हा दर्जा ऐकायला भारदस्त वाटतो, पण तो पिस्तुलापुरताच. विक्रेते हे आपणहून सांगतीलच असे नाही. भारतीय मानक ब्युरोच्या २०१८ च्या आयएस १७०५१ मध्ये सहा पातळ्या आहेत. पातळीच्या आकड्याबरोबरच चाचणीत कोणती गोळी झाडली, हे प्रमाणपत्रावर पाहावे.

मग सर्वांत जाड जॅकेटच घ्यावे का?

पाताळगंगा औद्योगिक वसाहतीच्या गेटवरील रक्षकाला जड जॅकेटने घाम येईल, पाठ दुखेल. जहाजाच्या शिडीवरून पाय घसरलेल्या रक्षकाला तेच जॅकेट खाली ओढते. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने २०२४ मध्ये दाखवलेले ‘अभेद’ हे हलके जॅकेटही किमान ८.२ किलोचे आहे. पाण्यात हे वजन कमी भासते, पण माणसाचे अंग मुळात जेमतेमच तरंगते, त्यामुळे उरलेला भारही बुडवायला पुरतो. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके, तर अॅरामिड आणि सिरॅमिक जड. म्हणून समुद्रावर पॉलिथिलीनची प्लेट उजवी ठरते. मात्र काही जातींच्या गोळ्यांसमोर ती सिरॅमिकइतकी टिकत नाही.

यावर उपाय दोन. एका हाताने एक पट्टा ओढताच जॅकेट सुटून पडले पाहिजे. आणि लाइफ जॅकेट वरूनच घालावे. आत घालून वरून बुलेटप्रूफ आवळले, तर फुगणाऱ्या लाइफ जॅकेटला जागा मिळत नाही आणि छाती दाबली जाते. नेहमीचे १५० न्यूटनचे लाइफ जॅकेट सुमारे १५ किलोचा उचल देते; जड साहित्य अंगावर असणाऱ्यांसाठी २७५ न्यूटनचे मिळते.

ऊन आणि खारी हवा काय करते?

अॅरामिडचे धागे भिजले की गोळी अडवण्याची ताकद घटते, म्हणून ते शिवणीबंद जलरोधक आवरणात असतात. आवरण फाटलेले जॅकेट परत करावे. पॉलिथिलीनला उष्णता सोसत नाही, तेव्हा ते तापलेल्या डेकवरच्या लोखंडी पेटीत ठेवू नये. झायलॉन या एकेकाळी नावाजलेल्या धाग्याची जॅकेट उष्णता-दमटपणाने कमकुवत होत असल्याचे आढळल्यावर अमेरिकेने २००५ मध्ये त्यांची मान्यता काढली. मऊ जॅकेटची हमी साधारण पाच वर्षांचीच असते. आतल्या लेबलवरची तारीख त्यासाठीच असते. सिरॅमिक प्लेट आपटली तर बाहेरून न दिसणारी भेग पडू शकते.

मापाचे काय?

२६/११ ला समुद्रमार्गेच आलेल्या अतिरेक्यांच्या गोळ्यांनी हेमंत करकरे शहीद झाले, तेव्हा त्यांच्या जॅकेटच्या दर्जावर वादळ उठले. ते जॅकेट रुग्णालयातून गहाळ झाले आणि कविता करकरे यांना माहिती अधिकाराचा आधार घ्यावा लागला. गोळ्या मात्र खांदा-मानेच्या भागात लागल्याचे सांगितले गेले, जो भाग जॅकेट पुरता झाकत नाही. प्लेटची वरची कड गळ्याच्या खाचेपर्यंत यायला हवी. जहाजावर एकच जॅकेट पाळीपाळीने दोघे-तिघे वापरतात आणि पट्टे आधीच्या माणसाच्या अंगाला बसवलेले असतात. रुजू होताच ते आपल्या मापाला लावावेत आणि सुटका-पट्टा बंदरातच एकदा ओढून पाहावा.