फ्रेमवर्क, सर्व्हलेट आणि ‘जादू’चा आक्षेप

वेब सेवा म्हणजे दुसऱ्या संगणकाची मागणी नेटवर्कवरून स्वीकारून तिला बहुधा जेसन या मजकुरी स्वरूपात उत्तर देणारा प्रोग्रॅम. जावात अशी सेवा लिहिताना स्प्रिंग बूटसारख्या फ्रेमवर्कचा आधार घ्यावा की नाही, या वादातील पूर्वपक्ष असा की, फ्रेमवर्क प्रोग्रॅमरला पांगळे करते. चार ॲनोटेशन, म्हणजे कोडच्या माथ्यावर लावायच्या सूचनापट्ट्या, चिकटवल्या की सेवा चालू लागते. पण ती का चालली हे ठाऊक नसल्याने ती का बंद पडली हेही उमगत नाही. मागणी घेऊन उत्तर लिहिणारा सर्व्हलेट हा जावातील मूळ घटक पुरेसा असताना एवढा डोलारा कशाला, असे या पक्षाचे विचारणे आहे.

यातील ‘पुरेसा’ हा शब्दच तपासण्याजोगा आहे. क्रमांकावरून ग्राहकाचे नाव सांगणारी साधी सेवा सर्व्हलेटमध्ये लिहायची, तरी पत्त्यातून क्रमांक वेगळा काढणे, तो अंक नसल्यास ४०० हा चूकदर्शक संकेत पाठवणे, डेटाबेसचे कनेक्शन घेणे आणि मध्येच काही बिनसले तरी ते न चुकता परत करणे, ही सारी कामे प्रोग्रॅमरच्याच गळ्यात पडतात. त्यातली एक खोच मराठी नावांना थेट भोवणारी आहे: अक्षरे कोणत्या संकेतनात पाठवायची हे स्पष्ट सांगितले नाही, तर सर्व्हलेट मजकूर आयएसओ ८८५९-१ या पश्चिम युरोपीय संकेतनात लिहितो, त्यात देवनागरीला जागाच नसल्यामुळे ‘सुलभा’ हे नाव पलीकडे पाच प्रश्नचिन्हे होऊन उतरते. ही खोच पाठ असण्यात विद्वत्ता ती कसली! स्प्रिंग बूट युटीएफ-८ हे संकेतन आपणहून धरून चालते.

डोलाऱ्याचा आरोप तर इतिहासालाही धरून नाही. १९९९ साली आलेल्या जे-टू-ईई या प्रमाणव्यवस्थेत एंटरप्राइज जावाबीन नावाचा एक घटक लिहायचा, तर मूळ वर्गाखेरीज दोन इंटरफेस आणि वर एक्सएमएलची वर्णनफाइल असा लवाजमा लागे. रॉड जॉन्सन यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात या बोजडपणावर टीका केली, त्याच ग्रंथातील कोडमधून स्प्रिंग हे फ्रेमवर्क वाढले आणि २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. पुढे स्प्रिंगच्याच एक्सएमएल फाइली फुगल्या, तेव्हा २०१४ मध्ये स्प्रिंग बूट पुढे आले.

‘जादू’ म्हणून हिणवली जाते ती स्प्रिंग बूटची स्वयंरचना वास्तविक जर-तरची यादी आहे: अमुक लायब्ररी प्रकल्पात असेल आणि प्रोग्रॅमरने स्वतःचा पर्याय दिला नसेल, तर हा घटक तयार करावा. डीबग पर्याय लावून सेवा सुरू केली की कोणती अट जुळली आणि कोणती नाही, याचा अहवालच समोर येतो. जी जादू आपली युक्ती अशी छापून देते, तिला जादू कोण म्हणेल?

तथापि, फ्रेमवर्क घेतले की समजून घेण्याचे कारण उरत नाही, हा समर्थकांचा दावाही तितकाच पोकळ आहे. ट्रॅन्झॅक्शन, म्हणजे पूर्ण तरी व्हावा नाहीतर मुळीच होऊ नये असा व्यवहार, स्प्रिंगमध्ये एका ॲनोटेशनने मागता येतो. परंतु नेहमीच्या मांडणीत ते काम मूळ वस्तूभोवती उभा केलेला मध्यस्थ करतो, त्यामुळे ते ॲनोटेशन लावलेली मेथड त्याच वर्गातील दुसऱ्या मेथडने थेट बोलावली तर मध्यस्थाला वळसा पडतो, ट्रॅन्झॅक्शन सुरूच होत नाही आणि कसलीही तक्रारही उमटत नाही. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम हलवताना पहिल्यातून ती वजा झाल्यावर चूक उद्भवली, तर वजाबाकी तशीच राहते.

असे असूनही फ्रेमवर्क घ्यावे हा मंडनपक्षच उजवा ठरतो, कारण हा सापळा ठाऊक असलेला आहे आणि स्प्रिंगच्या अधिकृत दस्तऐवजातच नोंदवलेला आहे. मार्च २०२२ मध्ये खुद्द स्प्रिंगमध्ये ‘स्प्रिंगफोरशेल’ ही सुरक्षेची गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा ५.३.१८ ही दुरुस्त आवृत्ती निघाली आणि ५.३ मालिका वापरणाऱ्या सर्वांना तीच उपयोगी पडली. घरी लिहिलेल्या सर्व्हलेटमधली तशीच त्रुटी शोधायला बाहेरचे कोणी येत नाही.