नळी कापायची करवत

मंडळी, परवा उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी गप्पा रंगल्या. भातात रानडुकरं घुसतात, म्हणून विषय बंदुकीवर गेला. एक भाचा म्हणाला, "मामा, रायफलची नळी लांब, तेवढा नेम सरळ." दुसरा म्हणाला, "उलट कापावी, हलकी होते!" दोघंही साफ चुकले.

नेम नुसत्या लांबीवर नसतो. नळीतल्या पीळदार खाचा गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. नळीचं तोंड तिरकं कापलं, तर मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. नीट कापलेली आखूड नळी उलट ताठ राहते! पण गोळीचा वेग बहुधा घटतो. माशी डोळ्याजवळ आली की नेम धरण्यातली चूकही वाढते.

शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याचं सहावं कलम परवान्याशिवाय नळी आखूड करायला मनाई करतं. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते सरावाने, करवतीने नव्हे.

नेम चुकला, तर जखमी डुक्कर शेतकऱ्याच्या अंगावर येतं, सल्ला देणाऱ्याच्या नाही. तेव्हा भाच्यांनो, करवत लाकडालाच लावा. असो.